कावसजीचें चित्र व पुण्याचा अनामिक शस्त्रवैद्य

शके १७१५, प्रमादी नाम संवत्सर, पौष मास. इंग्रजी गणनेनें इ. स. १७९४ चा जानेवारी. पुण्यास सवाई माधवराव गादीवर होते, कारभार नाना फडणिसांच्या हातीं होता, आणि उत्तरेंतून येऊन राहिलेले महादजी शिंदे यांच्या आयुष्याचा जेमतेम महिना उरला होता. अशा गजबजलेल्या दिवसांत इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयास असलेला जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चितारी एका बैल हांकणाऱ्याचें मुखचित्र रंगवीत होता. वेल्सनें काढलेलीं पेशव्यांचीं व नानांचीं चित्रें आमच्या वाचकांस परिचित आहेत. पुढें त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यानें १८०५ सालीं पुरा केलेला पुणें दरबाराचा भव्य पटहि पुष्कळांनीं छापील प्रतींत पाहिला असेल. बैल हांकणाऱ्याच्या या चित्राकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांनीं वैद्यकाचा विषय म्हणून पाठ फिरविली, आणि वैद्यकाच्या अभ्यासकांनीं तें आपल्या सोयीप्रमाणें वापरलें. त्या वापरांत जो एक दोष शिरला आहे, व ज्यांत आम्ही स्वतः वांटेकरी आहों, त्याचा उलगडा करावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

चित्राची हकिकत अशी. इंग्रज, निजाम व मराठे यांनीं मिळून टिपूवर केलेल्या युद्धांत हा मनुष्य इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकीत होता. टिपूच्या लोकांनीं त्यास धरिलें व त्याचें नाक आणि एक हात तोडला. त्या स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला व पुढें कंपनी सरकारनें त्यास पेन्शन दिलें. वर्षाहून अधिक काळ तो नाकावांचून राहिला. नंतर पुण्याजवळ वीटकरी-कुंभार जातीच्या एका मनुष्यानें त्याच्याच कपाळाच्या कातडीचें नवें नाक त्यास करून दिलें. वेल्सनें चित्र काढिलें तें या क्रियेनंतर दहा महिन्यांनीं. म्हणजे क्रिया शके १७१४ च्या माघ-फाल्गुनांत झाली असें धरावें लागतें. हा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत आकृतींसह प्रसिद्ध झाला, व पुढल्या वर्षीं विल्यम नटर यानें वेल्सच्या चित्राचें कोरीव ठशावरून मुद्रण केलें. त्याच १७९५ च्या अखेरीस वेल्स साष्टींत मरण पावला.

इंग्रजी कागदांत या मनुष्याचें नांव 'कावसजी' असें येतें व तो 'शेतकरी जातीचा मराठा' होता असें स्पष्ट म्हटलें आहे. कावसजी हें नांव पारशांत रूढ आहे, त्यामुळें कित्येकांनीं त्यास पारशी ठरविलें. पण मूळ वृत्तांत समोर असतां तसें म्हणण्यास आधार नाहीं. आमच्या मतें मूळचें नांव 'कावजी' असावें. शिवकाळांतील कावजी कोंढाळकराचें नांव सर्वांस ठाऊक आहे, आणि मुंबईच्या पारशी मंडळींत वावरलेल्या इंग्रज कानास कावजीचा कावसजी होणें अगदीं सहज आहे. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे; म्हणून लेखांत आम्ही छापील नांवच ठेविलें आहे.

आम्ही ज्या इंझोरी गांवीं बसून हें लिहीत आहों तो मानोरा तालुक्यांत आहे, व बंजारा समाजाचें पोहरादेवीचें क्षेत्र याच तालुक्यांत आहे. १७९१-९२ च्या मोहिमेंत लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेस धान्य पुरविलें तें बंजाऱ्यांच्या लमाणी बैलांनीं. फौजा तोफांनीं लढतात असें पाठ्यपुस्तकांत असतें. त्या चालतात बैलांवर. बैल हांकणारा मनुष्य शत्रूच्या हातीं लागला तर त्याचें नाक कां कापावयाचें, हें यावरून ध्यानांत येईल. रसद तोडण्याचा तो एक मार्गच होता.

युरोपांत त्याच शतकांत विज्ञानाच्या नवलाईवर चित्रें निघत होतीं. डर्बी येथील जोसेफ राइट यानें १७६६ च्या सुमारास ग्रहमालेच्या यंत्रावरील व्याख्यानाचें, आणि १७६८ त हवा काढून घेणाऱ्या पंपांतील पक्ष्याचें चित्र काढिलें. दुसरें चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. रात्रीची वेळ, मेजावर एकच दिवा, कांचेच्या गोलांत गुदमरणारा पांढरा पक्षी, आणि भोंवतीं कोणी कुतूहलानें, कोणी भयानें पाहणारीं माणसें. प्रयोग करणारा मध्यभागीं उभा आहे व प्रेक्षकांकडे रोखून पाहत आहे. वेल्सच्या चित्रांत यांपैकीं कांहींच नाहीं. दिवा नाहीं, यंत्र नाहीं, प्रेक्षक नाहींत, प्रयोग करणाराहि नाहीं. एक चेहरा आहे, त्यावर नवें नाक आहे, कपाळावर व्रण आहे. आणि छापील प्रतींत सोबत मेणाच्या पत्र्याचा आकार व छेदाच्या रेषा दाखविणाऱ्या लहान आकृति आहेत. तरीहि विज्ञानाच्या नवलाचें चित्र म्हणून राइटच्या पंक्तीस हें बसवावें असें आम्हांस वाटतें, कारण येथें नवल दाखविण्यास प्राणी मारावा लागलेला नाहीं.

आतां क्रिया पाहूं. मुंबई इलाख्यांतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं ती प्रत्यक्ष पाहिली होती व वृत्तांतांतील वर्णन त्यांच्या पाहण्यावर आधारलेलें आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा तुटलेल्या नाकाच्या बुंध्यावर बसवून त्यास चांगल्या नाकाचा आकार द्यावयाचा. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेषा ओढावयाची. येथें मेणाचें काम संपलें. त्या रेषेच्या आंतील कातडी कपाळापासून सोडवावयाची, परंतु दोन्ही डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली राखावयाची. कारण नवा भाग जुन्यास चिकटेपर्यंत रक्त याच वाटेनें येतें. नंतर बुंध्यावरील जुन्या व्रणाची साल तासून मांस ताजें करावयाचें, नाकपुड्यांच्या बाजूंनीं व वरच्या ओंठाच्या वर खांच पाडावयाची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खालीं आणावयाची व तिची कड त्या खांचेंत बसवावयाची. सुई नाहीं, दोरा नाहीं. पाण्यांत मऊ केलेला कात कापडाच्या चिंधुकल्यांवर पसरून अशा पांच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक लावावयाच्या. चार दिवस दुसरा कांहीं उपचार नाहीं. मग त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं. रोग्यानें पहिले पांच-सहा दिवस उताणें निजावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मोकळ्या राहाव्या म्हणून मऊ कापडाच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापून टाकावयाची व नाक थोडें तासून नीट करावयाचें.

इंग्रजी वृत्तांतांत काताचें नांव 'टेरा जापोनिका', म्हणजे जपानची माती, असें आहे. युरोपांतील औषध विकणाऱ्यांनीं कात ही माती समजून त्यास हें नांव दिलें होतें. आमच्या रानांत खैर आहे; काताची चिकटण्याची व आकर्षून धरण्याची शक्ति येथें कोणास सांगावी लागत नाहीं. मेण, कात, तूप, जुनेर आणि एक धारेचें हत्यार. एवढ्या सामग्रीवर लंडनच्या वैद्यांस न साधणारी गोष्ट पुण्याच्या बाहेर एका झोपडींत होत होती.

येथपर्यंत वाद नाहीं. वाद पुढें आहे. हें चित्र आज जेथें जेथें छापलें जातें तेथें खालीं 'सुश्रुताची शस्त्रक्रिया' असा मथळा बहुधा असतोच. सुश्रुतानें कपाळाची कातडी घेऊन नाक केलें व तीच विद्या पुण्याच्या कुंभारापर्यंत अखंड चालत आली, असें सांगितलें जातें. आम्हींहि वर्गांत तीस वर्षें हेंच सांगितलें. एकदां एका मुलानें उठून विचारिलें कीं, गुरुजी, श्लोकांत तर 'गंड' शब्द आहे, आणि गंड म्हणजे गाल असें आपणच मागल्या आठवड्यांत सांगितलेंत. मुलगा बरोबर होता. आम्हीं मात्र त्यास हत्तीच्या गंडस्थळाचा दाखला दिला. हत्तीचा मद जेथून झरतो तें स्थळ डोळ्याच्या व कानाच्या मध्यें, वरच्या अंगास असतें. तेव्हां गंड शब्दाची व्याप्ति कपाळापर्यंत नेण्यास हरकत नाहीं, असें समर्थन करून त्यास खालीं बसविलें. वर्ग हंसला. तो पुढें कोठें गेला हें आम्हांस ठाऊक नाहीं, नाहींतर हा लेख प्रथम त्यास पाठविला असता.

निवृत्त झाल्यावर निर्णयसागरची डल्हणटीकेसह असलेली सुश्रुतसंहिता सावकाश वाचण्यास सवड मिळाली. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत, कर्णव्यधबंधविधींत, कानाच्या पाळ्या सांधण्याचे प्रकार सांगून झाल्यावर शेवटीं नाकाचा विधि आहे. त्यांत झाडाचें पान नाकाच्या मापाचें घ्यावयास सांगितलें आहे, आणि त्या मापानें गालाच्या बाजूची कातडी. नाकाचा शेंडा खरवडून ती तत्काळ सांधावयाची, दोन नळ्या घालून नाक उचलून धरावयाचें, पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचें चूर्ण भुरकावयाचें, पांढरा कापूस ठेवून तिळाच्या तेलानें वरचेवर भिजवावयाचें. कपाळाचा उल्लेख नाहीं. हत्तीचा तर नाहींच.

तरीहि गंड शब्दाची ओढाताण कोणी करीलच, म्हणून वाग्भट पाहावा. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत, अठराव्या अध्यायांत, हाच विधि आहे, आणि तेथें वाग्भटानें शब्द घातला आहे 'कपोल'. कपोलाची ओढाताण होत नाहीं. संस्कृतांत कपोल म्हणजे गाल, दुसरें कांहीं नव्हे. घेतलेल्या जागीं गाल सुईनें शिवावा असेंहि तो सांगतो. मराठी वाचकाचा येथें एक घात होतो. आमच्या कानांत 'कपाळ' इतकें बसलेलें आहे कीं 'कपोल' वाचतांना डोळे आपोआप भुंवयांच्या वर जातात. संस्कृत 'कपाल' म्हणजे कवटी, त्यावरून मराठी कपाळ. कपोलाशीं त्याचा अर्थानें संबंध नाहीं. ही चूक आम्हीं चांगल्या चांगल्यांच्या लिखाणांत पाहिली आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक गोष्ट येथें सांगणें अवश्य आहे. काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत सुश्रुतसंहितेची इ. स. ८७८ ची ताडपत्री पोथी आहे, आणि तिच्यासह नेपाळी पोथ्यांच्या आधारें याच सोळाव्या अध्यायाचें संशोधित संपादन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. छापील पाठावर विसंबून सिद्धांत मांडण्याचे दिवस त्यामुळें गेले. कारंजें आम्हांस जवळ आहे. तेथील जैन भांडारांतील पोथ्यांनीं अपभ्रंश वाङ्मयाचा इतिहास कसा पालटला हें आमच्या वाचकांस निराळें सांगणें नको.

मग कपाळ आलें कोठून? याचा एक दुवा दख्खनेंतच सांपडतो. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी औरंगजेबाच्या काळीं या देशांत वावरत होता व वैद्यकी करीत होता. विजापूरच्या युद्धाच्या हकिकतींत तो सांगतो कीं, विजापूरवाले मोगली छावणींतील लोकांना पकडून त्यांचीं नाकें कापून सोडीत. आणि देशी शस्त्रवैद्य भुंवयांच्या वरची कपाळाची कातडी सोडवून, पीळ देऊन, नाकावर आणून बसवीत. पीळ दिलेल्या जागीं भुंवयांच्या मध्यें एक लहान भोंक राहतें असेंहि त्यानें टिपलें आहे. विजापूर पडलें १६८६ सालीं. म्हणजे कावसजीच्या आधीं शंभर वर्षें ही रीत याच मुलखांत युद्धाच्या छावण्यांमागून चालत होती.

यावरून आमचें मत असें बनलें आहे. जिवंत पट्टी राखणें, जुना व्रण तासून ताजा करणें, नाकपुड्या उघड्या ठेवणें, हीं तत्त्वें सुश्रुत-वाग्भटांत आहेत व पुण्याच्या क्रियेंतहि आहेत. नातें नाकारतां येत नाहीं. परंतु पानाच्या ठिकाणीं मेण येणें, गालाच्या ठिकाणीं कपाळ येणें, सुईच्या ठिकाणीं कात येणें, हे तीन फेर किरकोळ नव्हेत. कपाळाची कातडी रंगानें व जाडीनें नाकाशीं जुळते, ती पुरेशी मिळते, आणि गालावर व्रण राहून चेहरा ओढला जाण्याची भीति राहत नाहीं. पान फक्त लांबी-रुंदी सांगतें. मेणाचा पत्रा नाकाची उंची व गोलाई धरून मग सपाट होतो. वाग्भट व मनुची यांच्या दरम्यान केव्हां तरी कोणा तरी मनुष्यानें हा विचार केला, करून पाहिला, आणि तो साधला. सर्व श्रेय सुश्रुतास दिलें कीं हा मनुष्य पुसला जातो. आम्हीं तीस वर्षें त्यास पुसलें.

कुंभारच कां, असा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर ग्रंथांत सांपडेना, म्हणून आम्हीं हा वृत्तांत आमच्या गांवांतील एका वृद्ध कुंभारास मराठींत वाचून दाखविला. तो आवा रचून बसला होता. तोटीचें भांडें करतांना तोटी कशी जोडतोस असें विचारतां तो म्हणाला कीं, दोन्ही अंगें खरवडून ओलीं केल्याविना जोड बसत नाहीं. वाळल्या मातीस ओली माती धरत नाहीं. जुन्या व्रणाची साल तासण्याचें कारण त्यास सांगावें लागलें नाहीं. थोडा वेळ गेल्यावर त्यानेंच आम्हांस विचारिलें, "गुरुजी, माती सुकली म्हणजे आखडते. कातडंबी आखडत असन. मंग मेण थोडं वाढवा घेत असन नं तो?" आम्ही निरुत्तर झालों. १७९४ च्या वृत्तांतांत हा मुद्दा नाहीं. घरीं येऊन शस्त्रवैद्यकाचा एक आधुनिक ग्रंथ काढिला. तेथें मात्र सोडविलेली कातडी आकसते, म्हणून ती तितकी अधिक घ्यावी, असें दिलेलें आढळलें.

एवढ्यावरून सर्व कुंभार शस्त्रवैद्य होते असें आम्ही म्हणत नाहीं. पण सुश्रुतानेंच सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत, योग्यासूत्रीयांत, असें म्हटलें आहे कीं शास्त्र पुष्कळ ऐकलेला मनुष्यहि हातानें अभ्यास केला नसेल तर कर्मास अयोग्य ठरतो. आणि तेथें फळें, चामडें, कमळाचे देंठ, मेण लावलेली फळी अशा वस्तूंवर सराव करण्यास सांगितलें आहे. त्या मोजमापानें पाहिलें तर पोथी पाठ केलेल्या आमच्यासारख्या पंडितापेक्षां पुण्याचा कुंभारच सुश्रुताच्या अधिक जवळ बसेल. आमच्या वैद्यांनीं हत्यार खालीं ठेविलें, तें त्यानें उचललें.

इंग्लंडांत या वृत्तांताचा परिणाम वीस वर्षांनीं दिसला. जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू या शस्त्रवैद्यानें तो वाचून प्रेतांवर सराव केला, व २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं लंडन येथें एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या कातडीनें ही क्रिया केली. दुसरा रोगी अल्बुएराच्या लढाईंत तलवारीचा घाव लागलेला अधिकारी होता. भूल देण्याची युक्ति तेव्हां निघालेली नव्हती. दोन्ही रोग्यांची हकिकत त्यानें १८१६ त छापिली. पुढें १८१८ त बर्लिनच्या ग्राफेनें या विषयावर ग्रंथ लिहिला. इटलींत ताल्याकोत्सीनें १५९७ सालीं दंडाच्या कातडीची रीत छापिली होती. तींत रोग्याचा हात डोक्याशीं कित्येक दिवस बांधून ठेवावा लागे. कपाळाच्या रीतीस युरोपांत 'भारतीय पद्धति' हें नांव पडलें व तें आजहि चालू आहे.

आतां नांवांचा हिशेब करूं. या एका प्रसंगांत रोग्याचें नांव राहिलें, चिताऱ्याचें राहिलें, ठसा कोरणाऱ्याचें राहिलें, पाहणाऱ्या दोघां डॉक्टरांचें राहिलें, लंडनांत अनुकरण करणाऱ्याचें राहिलें. ज्यानें नाक केलें त्याची फक्त जात राहिली. ज्या मॅलेटच्या आश्रयानें गंगाराम चिंतामण तांबट याचीं वेरूळचीं रेखाटनें आज नांवानिशीं ओळखलीं जातात, त्याच मॅलेटच्या पुण्यांत हें घडलें. चितारी तांबटाचें नांव टिपलें गेलें, शस्त्रवैद्य कुंभाराचें टिपलें गेलें नाहीं.

हें नांव मराठी कागदांत सांपडण्याचा संभव अजून आहे. पेशव्यांच्या दफ्तरांत शके १७१४ व १७१५ चीं रोजकीर्दींचीं व बक्षिसांचीं कलमें आहेत. नाक कापण्याची शिक्षा त्या काळीं अपरिचित नव्हती, तेव्हां नाक करून देणारासहि गिऱ्हाईक कमी नसावें. आणि जेथें गिऱ्हाईक तेथें तंटा, कौल, देणें-घेणें हें आलेंच. पुण्याच्या कसब्यांत कुंभारवाडा आहे. त्या बाजूचे महजर, बलुत्याचे करार व घरझडतीचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं वरवर निरुपयोगी म्हणून बाजूस ठेविलेले बंद एकदां चाळावे. 'नाक', 'नाकाड्या', 'कातडें' अशा शब्दांपाशीं थांबावें व मागचें-पुढचें कलम पुरें उतरून घ्यावें. मोडी वाचण्यास साह्य लागल्यास आम्ही इंझोरीस आहों. डोळे अजून चांगले आहेत.